गाय मालकानंच आणायची

आमच्या गटाचे नियम मीच लिहिले. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात लाल कंधारी गाय टिकावी म्हणून काही घरं एकत्र आली. अर्धे पैसे लातूरच्या एका संस्थेचे, अर्धे आमचे. रेणापूरकडून अस्सल वळू आणला, तो आमच्याच गोठ्यात बांधला. आज आमच्या तुपाला लातुरात गिऱ्हाईक आहे आणि बैलजोड्यांसाठी तेलंगणातून लोक येतात.

शुद्ध गाईलाच वळू लावायचा. कालवड गटाला विचारल्याशिवाय विकायची नाही. आणि गाय वळूकडं भरवायला मालकानं स्वतः, दावं हातात धरून आणायची. गडी पाठवायचा नाही. संस्थेच्या साहेबांनी विचारलं, हे कशाला? म्हणलं, गाईची खरी माहिती मालकालाच असते. त्यांना पटलं.

खरं कारण एकच माणूस होता.

मी सातवीत असताना गावात लाल वळू एकाच घरी होता, सगळ्यात जास्त जमीन असलेल्याच्या. सारं गाव त्याला मालक म्हणायचं. आमची गाय माजावर आली तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी दावं धरलं, मी मागून हाकलत गेले. मालक शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापुढं बाजेवर बसला होता. त्यानं आम्हाला फाटकाच्या आत घेतलं नाही.

"तुझ्या गाईला माझा वळू लावू? मंग उद्या पोळ्याला माझ्या बैलाशेजारी तुझा बैल हुभा करशील." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आन् पोरीला हे दाखवाया आणलंस व्हय रं?"

गडी हसले. आबाही हसले. आबा हसले ते मी आजवर विसरले नाही.

मी शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, तीही शेतीची. तोवर मालकानं दुधाच्या नादात गोठाभर जर्सी केली होती. तिच्या गोऱ्ह्यांना वशिंड नाही, जू टेकायचं कुठं? जुन्या वाणाची एकच म्हातारी गाय त्याच्याकडं उरली. दवाखान्यात इंजेक्शनं देऊनही ती गाभण राहीना. आता राहिली नाही तर त्याच्या बापानं जपलेला वाण तिच्यासोबतच संपणार होता.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याचा गडी ती गाय घेऊन आमच्या दारात आला. मी त्याला माघारी धाडला. लगेच फोन आला.

"बाई, गडी माघारी का लावला?"

"नियम हाय, मालक."

"मलाबी?"

"समद्यांना. माज संध्याकाळपर्यंत टिकंल. बघा."

दुपारी तो आला. दावं मनगटाला गुंडाळलेलं, गाय पुढं, हा मागं फरफटत. कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, "मालक, तुम्ही गाईला आणलंय का गाईनं तुम्हाला?" धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलं होतं.

आबा लगबगीनं उठले. "द्या मालक, मी धरतो."

"आबा, बसा तुम्ही," मी म्हणलं. ते बसले.

वळू सोडला तसा मालकानं तोंड भिंतीकडं फिरवलं. एका बाईसमोर हे बघणं त्याला जड जात होतं. मला ते दिसत होतं.

"इकडं बघा, मालक. दावं ताठ धरा. गाय हलली की वळू घसरतो."

त्याला बघावं लागलं. काम झालं तेव्हा तो हळूच म्हणाला, "न्यायला गडी धाडतो. नियम आणायचाच हाय ना?"

"न्यायचाबी हाय."

तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी तिथंच जोडलं. तो गाय घेऊन मधल्या रस्त्यानं गेला, सगळ्या दारांसमोरून, आणि वळणाआड होईपर्यंत मी बघत राहिले.

त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. म्हणाले, म्हातारं माणूस हाय ते. मी पोटभर जेवले.