वाघिणीची मापं आणि काठी धरणारा हात

आधीच सांगून टाकतो, म्हणजे हे वाचून कुणी तिकीट काढायला नको. ज्या वाघिणीसाठी मी गेलो होतो, ती आता तिथे नाही. गॅस कटरने कापून, ट्रकमध्ये भरून भंगारात गेली. तरी लिहितोय. ग्रुपवरचे सगळे तीन महिने मागे लागलेत, की ट्रिपचं लिही, मापं टाक. मापं वेगळी टाकणारच आहे. पण ट्रिप मापांपुरती राहिली नाही, म्हणून एवढा उशीर झाला.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात आणि मी त्या वाघिणी पितळी पत्र्यात बनवतो, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. दिवसभर पावणे एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये डाय घासायच्या आणि संध्याकाळी करंजाडेच्या फ्लॅटमधल्या बंद केलेल्या बाल्कनीत बसून रिवेट ठोकायचे, हे माझं आयुष्य. आम्ही सहा-सात जण महिन्यातल्या एका रविवारी वाशीला एका सोसायटीच्या हॉलमध्ये रूळ मांडून बसतो. लोकांना इंजिनांचं वेड असतं, मला मालडब्यांचं. इंजिनाला सगळेच हात करतात हो. वाघिणीकडे कोण बघतं?

एप्रिलमध्ये ग्रुपवर फोटो आला. कुर्डुवाडीच्या अलीकडे एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या सायडिंगला, म्हणजे मालासाठी टाकलेल्या फाट्याच्या रुळावर, एक जुनी चार चाकांची बंद वाघीण उभी आहे, रिवेटवाली, तेलावर चालणाऱ्या जुन्या बेअरिंगची. तसल्या वाघिणी रुळांवरून जाऊन जमाना झाला. मी वीस वर्षं फोटोंवरून अंदाजाने बनवत होतो. खाली लिहिलं होतं, ‘पुढच्या आठवड्यात कापणार.’ स्टेशनाचं नाव मी आजही देत नाही. नाव दिलं की आपलेच लोक आठवण म्हणून नंबरपट्टी उचकटायला जातात. मला माहितीय, मीही गेलो असतो.

माप घ्यायला दोन माणसं लागतात. एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने वाघिणीला लागून स्केलकाठी धरायची. सहा फुटांची काठी, दर फुटाला लाल-पांढरा रंग. ती फोटोत असली की घरी बसून कुठलंही माप काढता येतं. ग्रुपमधले दोघे ‘येतो, येतो’ म्हणाले आणि दोघांनीही आदल्या दिवशी टांग दिली. तेव्हा बायको, वर्षा, म्हणाली, “बाबांना न्या ना. त्यांचंच तर काम हे.”

बाबा म्हणजे माझे सासरे, अण्णा. मनमाडच्या यार्डात पस्तीस वर्षं टीएक्सआर होते. मालगाडी सुटायच्या आधी एकेक वाघीण तपासून ‘फिट’ म्हणायचं, नाहीतर खडूने ‘सिक’ लिहून बाजूला काढायची, ही त्यांची नोकरी. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आले. त्यांच्या कॉटसाठी माझं कामाचं टेबल बेडरूममधून बाल्कनीत गेलं. खरं सांगतो, त्याचा राग माझ्या मनात होता. तोंडाने कधी बोललो नाही, पण घरात रेल्वेचा माणूस असून दोन वर्षांत मी त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. चुका काढतील म्हणून.

“अण्णा, येता का?” म्हटलं तर पेपर खाली ठेवून म्हणाले, “कुठली वाघीण?” फोटो दाखवला. चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला. मग उठून बॅग काढली.

दिवस पहिला

सुट्टीच्या दिवसांत पनवेलहून स्पेशल सुटतात, त्यातली एक पकडली. प्लॅन करणाऱ्यांसाठी सूचना: गाडीचा नंबर शून्याने सुरू झाला की भाडं जास्त आणि वेळ रामभरोसे. पण आपल्यासारख्यांना स्पेशल आवडते, कारण तिचे डबे कुठून कुठून जमवलेले असतात. आमच्या गाडीला जुने निळे डबे होते, त्यातल्या दोन डब्यांवर दोन वेगळ्या विभागांची नावं. साडेसहाची गाडी आठला सुटली. स्लीपरला पंखा चालू, पाणी नाही. पाणी घरूनच न्या.

डब्यात सुट्टीचा नुसता बाजार. मामाकडे निघालेली पोरं, आंब्याच्या पेट्या, एक कुकर. कर्जतला वडापाव घेतले. अण्णांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात बांधून ठेवला. घाट चढून गेल्यावर आमची गाडी बाजूला घातली आणि बाजूच्या रुळावरून मालगाडी निघाली. स्पेशलला कोण विचारतो? मालगाडीसुद्धा पुढे जाते. लोक वैतागले, पण अण्णा खिडकीशी सरकले आणि डोळे मिटून ऐकत बसले.

“एक चाक चपटं झालंय,” म्हणाले. “मागून सातवी-आठवी. ब्रेक धरून राहिला असणार.”

समोरच्या बाई हसल्या. “आजोबा, इतक्या आवाजात कळतं तुम्हाला?”

“पस्तीस वर्षं तेच ऐकलं हो बाई. घरच्यांचं ऐकायचं राहून गेलं.”

मी वहीत चेसिसचा तक्ता आखत होतो. नुसतं ‘हं’ म्हणालो.

चार वाजता पोचलो. स्टेशनासमोर एकच लॉज, दोन कॉटची खोली सातशेला, चादर आपली असेल तर बरं. जेवायला समोरच खानावळ: कडक भाकरी, शेंगाचटणी, डाळकांदा. जेवण मात्र फर्स्ट क्लास. अण्णांनी भाकरी चुरून खाल्ली आणि म्हणाले, “जावईबापू, उद्या लवकर जाऊ. ऊन चढलं की पत्र्याला हात लावता येत नाही.”

दिवस दुसरा

सायडिंग स्टेशनपासून चालत वीस मिनिटं. रूळ गवतात गेलेले, बाभळी वाढलेल्या. गेटवर वॉचमन मामा खाट टाकून बसलेला.

“काय बघाय आलाय?”

“मामा, ती वाघीण. फोटो काढायचेत.”

“त्या भंगाराचं? काढा की. परवा कटरवाला यायचाय. कुठनं आलाय?”

“नवी मुंबईहून.”

“नवी मुंबईहून, ह्याच्यासाठी?” तो अण्णांकडे बघून म्हणाला, “बाबा, तुमी तरी समजवायचं ह्यास्नी.”

अण्णा म्हणाले, “मीच घेऊन आलोय त्यांना.”

वाघीण समोर उभी होती. लाल रंगाचा नुसता भास उरलेला, एक दार अर्धवट उघडं, आत वटवाघळांची घाण. पण रिवेट सगळे जागच्या जागी. अण्णा तिच्या कडेने चालत गेले. प्रत्येक चाकापाशी थांबायचे आणि बेअरिंगच्या पेटीला हाताची मागची बाजू लावायचे. मी विचारलं, हे काय?

“गाडी यार्डात आली की असं बघायचं, पेटी तापलीय का. तळवा लावला तर भाजतो आणि मग दिवसभर हातोडी धरता येत नाही. म्हणून मागची बाजू.”

“आता कशाला बघताय? ही कधीची थंड पडलीय.”

“बघू द्या हो,” म्हणाले.

पिशवीतून त्यांनी हातोडी काढली. जुनी, लांब दांड्याची. ती त्यांनी आणली होती हे मला माहीतही नव्हतं. एकेका चाकावर मारत गेले. तीन चाकं खणखणीत वाजली, चौथं बद्द बोललं, म्हणजे तडा असणार. मी तेव्हा रिवेटमधलं अंतर मोजत होतो. नुसता आवाज ऐकला, मान वर केली नाही.

मग फोटो सुरू केले. आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे: फ्रेममध्ये वाघीण आणि काठी, बाकी काही नको. माणूस आला की नजर माणसावर जाते, माप चुकतं. मी ओरडत होतो, “अण्णा, बाहेर व्हा. अजून बाहेर. नुसता हात आत ठेवा.” ते बिचारे काठी धरून हात लांब करून, अंग मागे ओढून उभे. उन्हात चार तास. बाजू, टोकं, दार, कडी, स्प्रिंग, ब्रेकचा दांडा. दोनशे चौदा फोटो. एकदा म्हणाले, “जरा बसू का?” मी म्हणालो, “दोनच राहिलेत.” दोन नव्हते, तीस होते.

पाणी प्यायला गेलो आणि परत येऊन बघतो तर दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘फिट’. अण्णा शेजारी उभे, बोटांना खडू. त्या दोन वर्षांत मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

“चौथं चाक बद्द बोललं ना?” मी म्हणालो.

“बोललं. पण तिला आता जायचंय कुठं? देऊन टाकलं.”

आणि मी काय केलं असेल? रुमाल ओला करून ते पुसलं. दाराचा फोटो राहिला होता आणि दारावर ताजा खडू चालत नाही, अस्सल दिसत नाही. अण्णा म्हणाले, “हो हो, पुसा. फोटो खराब व्हायला नको.” काठी उचलली आणि पुन्हा हात लांब करून उभे राहिले.

परतीची स्पेशल दुपारची होती, तीही तीन तास लेट. अण्णा सीटवर पाय वर घेऊन झोपले. मी कॅमेऱ्यात फोटो मोठे करून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काम फत्ते.

घरी

महिनाभर मी बाल्कनीतून उठलो नाही. अण्णा दाराशी यायचे, बघायचे आणि जायचे. एकदा मात्र म्हणाले, “कडी उलटी बसवलीत.” खरंच उलटी होती. काढून सुलटी लावली. वाटलं, आता ह्यांना रोज विचारायचं. एकेक करून विचारू, घाई काय आहे.

दीड महिन्याने अण्णा दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल.

तिसऱ्या दिवशी वर्षाने विचारलं, “बाबांचा फोटो लागेल. तुमच्या ट्रिपमधला द्या ना. इतके काढलेत.”

लॅपटॉप उघडला. ती शेजारी बसली. पहिला फोटो, दुसरा, दहावा. वाघीण, काठी आणि काठीला धरलेली मूठ. कुठे मनगटापर्यंत, कुठे कोपरापर्यंत. एकात शर्टाची बाही. दोनशे चौदा फोटो, आणि अण्णा एकातही नाहीत. मी एकेक पुढे सरकवत होतो. कुठेतरी सुटले असतील, कडेला का होईना, असं वाटत होतं. पण माझं काम चोख असतं. वर्षाने लॅपटॉप मिटला. रिटायरमेंटच्या पासवरचा फोटो मोठा करून आणला, त्यात ते ओळखू येत नाहीत. तोच हॉलमध्ये लावलाय.

मी मॉडेलमध्ये कधी माणसं ठेवत नाही. माणसं ठेवली की खेळणं वाटतं, हे मीच ग्रुपवर दहा वेळा लिहिलंय. ह्या वाघिणीशेजारी ठेवला. एकोणीस मिलिमीटरचा माणूस, पांढरा शर्ट, खाकी पँट, हातात लांब दांड्याची हातोडी. आठ दिवस लागले. गेल्या रविवारी वाशीला न्यायच्या आधी वर्षाला बोलावून दाखवला. तिने भिंग घेऊन बघितलं.

“छान आहे,” म्हणाली. मग भिंग खाली ठेवून, “पण हातोडी उजव्या हातात दिलीत.”

“मग?”

“बाबा डावखुरे होते. त्यांच्या आईने लहानपणी चटके देऊन जेवायचा हात तेवढा बदलला. कामाला डावाच.”

मी परत लॅपटॉप उघडला. दोनशे चौदा फोटो. सगळ्यांत डावा हात. वाघिणीच्या एका बाजूला किती रिवेट आहेत ते मला आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन. लग्नाला वीस वर्षं झाली, दोन वर्षं ते एका घरात होते, ह्याच माणसाच्या हाताकडे बघून मी सगळी मापं काढली. तो हात कुठला, ते मला दिसलं नव्हतं.

वाशीला गेलो नाही. ब्लेडने त्या माणसाचे दोन्ही हात कापले आणि अदलाबदल करून लावले. खांद्याशी सांधा दिसतो, रंग लावूनही दिसतो. आता वाघीण हॉलमध्ये त्यांच्या फोटोखाली ठेवलीय. दारावर खडूचं ‘फिट’ लिहायचं आहे. तीनदा लिहून पुसलं, अण्णांचं अक्षर काही जमत नाही. त्याचा फोटोही मी काढला नव्हता.