वीस मार्चला पाणी कोण सोडणार?

कुंडेगावात पहाटे साडेपाचला शिट्टी वाजली की माणसं चोर शोधत नाहीत, हंडे शोधतात. ती शिट्टी भिकाजीची. नगरपंचायतीचं पाणी तो सोडतो. गळ्यात शिट्टी, खांद्यावर छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी, आणि तोंडात सतत कुणाचे ना कुणाचे आभार. गंजलेला व्हॉल्व्ह फिरला की तो त्यावर थाप मारून म्हणतो, "उपकार झालं बाबा." वीज वेळेवर आली तर खांबाला नमस्कार. गावातल्या सतरा नगरसेवकांचे मिळून वर्षाला जेवढे आभार होतात, तेवढे भिकाजी न्याहारीच्या आत उरकतो.

त्याचे मात्र कुणी मानत नाही. नळाला पाणी आलं तर ते आलं, आणि नाही आलं तर भिकाजी कुठं मेलाय.

गावात व्हॉल्व्ह अकरा. अकरा ठेकेदारांनी अकरा वेगवेगळ्या वर्षी बसवलेले, त्यामुळे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तीन नंबरचा उलटा फिरतो. नऊ नंबरचा एका पुणेकराच्या बंगल्याच्या हिरवळीखाली गेलाय, तिथं आधी कुत्र्याची मर्जी सांभाळावी लागते. आणि वरल्या आळीचा सात नंबर साडेचार फेऱ्यांचा. पाचवा फेरा दिला की जोड निखळतो. हे कुठं लिहिलेलं नाही. सगळं भिकाजीच्या मनगटात आहे.

एकतीस वर्षांत त्यानं सुट्टी घेतली ती एकदाच, मुलीच्या लग्नाची. त्या सकाळी ऑफिसातल्या शिपायानं चावी फिरवली. वरल्या आळीत थेंब नाही आणि स्मशानातल्या नळाला चार तास धो धो पाणी. वरल्या आळीचे नगरसेवक दत्तोबा म्हणाले, "या गावात पाणी पाहिजे असंल, तर आधी मरावं लागतंय." शेवटी भिकाजीला मांडवातून उठवून आणलं. मुंडावळ्या बांधलेली लेक तिकडं वाट बघतेय आणि बाप इकडं फेट्यासकट खड्ड्यात. तेव्हापासून भिकाजीनं रजेचं नाव काढलं नाही.

पण त्याची आई विठाबाई काढायची. ब्याऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दर वर्षी वीस मार्चला बुद्धविहारापासून महाडला जीप जाते. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो दिवस. विठाबाईला त्या तळ्याचं पाणी प्यायचं होतं, पण लेकाबरोबर. दर वर्षी भिकाजी सांगायचा, तू हो पुढं, मला पाणी सोडायचंय. आणि ती जीपला पाठ करून घरात यायची. या वर्षी मात्र तिनं एवढंच म्हटलं, "औंदा जीपच्या पायरीवर पाय चढतोय, भिका. फुडल्या सालचं मी न्हाई सांगत." त्या सकाळी भिकाजीनं एकाही व्हॉल्व्हचे आभार मानले नाहीत.

त्याच महिन्यात स्टेशनकडच्या वॉर्डाच्या नगरसेविका यशोधरा यांनी ठराव आणला. वीस मार्च हा पाण्याच्या हक्काचा दिवस म्हणून नगरपंचायतीनं पाळावा आणि कर्मचाऱ्यांना सुट्टी द्यावी. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होऊन दोनच वर्षं झालेली, खुर्च्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं. सभेत चहा द्यायचं काम भिकाजीकडंच होतं. तो किटली घेऊन दाराशी उभा राहिला.

चर्चा दीड तास चालली. एकानं म्हटलं, मग आमच्या जत्रेला पण द्या. दुसऱ्यानं विचारलं, सुट्टी रविवारी आली तर सोमवारी मिळेल का? मुख्याधिकारी सांगत होते की सार्वजनिक सुट्टी जाहीर करायचा अधिकार आपल्याला नाही, फार तर आपल्यापुरती रजा देता येईल. यशोधरांनी शांतपणे विचारलं, की पाणी सगळ्यांचं आहे हे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवसासाठी आपल्या कॅलेंडरात एक चौकोन नाही का?

विरोध केला तो दत्तोबांनी. वय चौऱ्याहत्तर, वरल्या आळीचे, सभागृहात सगळ्यांत ज्येष्ठ आणि सगळ्यांत मोठ्यांदा जांभई देणारे. त्यांचं म्हणणं, सुट्ट्या आधीच लय झाल्यात, दाखल्याला माणूस आला की टेबलावर कुणी नसतंय. पण हात वर झाले तेव्हा नऊ विरुद्ध आठ असा ठराव पास झाला. नगराध्यक्षा उज्ज्वलाताईंनी बाक वाजवला. भिकाजीनं हळूच दाराच्या चौकटीवर थाप मारली.

मग मुख्याधिकाऱ्यांनी ठराव वाचून दाखवला. "अत्यावश्यक सेवा वगळून सर्व कर्मचाऱ्यांना सुट्टी."

भिकाजीनं किटली खाली ठेवली. अत्यावश्यक सेवा म्हणजे तोच. कारकुनाला सुट्टी, शिपायाला सुट्टी, झेरॉक्स मशिनलासुद्धा सुट्टी. तो सवयीनं रिकामे कप गोळा करायला लागला. यशोधरांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दत्तोबांची जांभई अर्ध्यावर थांबली.

"थांबा," ते म्हणाले. "म्हंजे पाण्याच्या हक्काचा दिस, सगळी घरात बसणार, आन् ह्यो एकटा खड्ड्यात? मी इरोधात हाय, त्ये वायलं. पर ही चेष्टा हाय."

मुख्याधिकारी म्हणाले, मग पाणी कोण सोडणार? दुसऱ्या कुणाला येत नाही. सगळ्यांना स्मशानातला नळ आठवला असावा.

दत्तोबा भिकाजीकडं बघत होते. मग ते वेगळ्याच आवाजात बोलले. "वरल्या आळीच्या हिरीवर माझी आजी वरनं वतायची. हेची आय, विठाबाई, खाली घागर धरून. तवा ती पोर व्हती. आमच्या लोकांचा हात घागरीला लागू नये म्हणून लांबनं वतायचं. निम्मं पाणी भुईवर. मी पाच-सा वरसाचा आसंन, मला त्ये बघून हसू यायचं." त्यांनी हात पुढं केला. "एकतीस वरसं हेनं पयलं पाणी वरल्या आळीला सोडलंय. चावी दे रं भिकाजी. मी शिकतो."

भिकाजीला आभार मानायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच खरं कारण मिळालं आणि नेमके शब्द संपले. त्यानं दत्तोबांना चहा दिला, दोनदा.

पुढचे पंधरा दिवस कुंडेगावानं पहाटे मोफत करमणूक पाहिली. कानटोपी, चष्मा आणि चावी घेऊन दत्तोबा, मागं भिकाजी. तीन नंबरशी त्यांची भांडणं झाली, पुणेकराच्या कुत्र्यानं धोतर पसंत केलं. शिट्टी वाजवताना त्यांची कवळी एकदा निसटली, ती झेलली भिकाजीनं. पण माणूस शिकला. अकराही व्हॉल्व्ह वहीत लिहिले, देवनागरीत, मोठ्या अक्षरात.

वीस मार्चला पहाटे विठाबाई पांढरं लुगडं नेसून जीपमध्ये बसली. पायरीवर पाय एका दमात चढला. घाट उतरेपर्यंत भिकाजी दर दोन मिनिटांनी फोन बघत होता. फोन वाजत नव्हता, म्हणून त्याला आणखीच घाबरायला होत होतं.

तळ्याच्या पायऱ्यांवर हीऽ गर्दी. भिकाजीनं आईला धरून खाली नेलं. विठाबाईनं वाकून ओंजळ भरली, पाणी प्यायली, आणि उरलेलं लेकाच्या हातात सोडलं. तो पायरीवर बसून ते प्यायला.

तेवढ्यात फोन वाजला. दत्तोबा.

"भिकाजी, लाईट आत्ता आली. सात नंबरला किती फेरं?"

"साडेचार, भाऊ."

पलीकडं बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग दत्तोबा म्हणाले, "वहीत माझ्या हातनं पाच लिव्हलंय."

भिकाजी ताडकन उठला. जोड निखळला की धावायचं, एवढंच त्याच्या पायांना ठाऊक. विठाबाईनं त्याचा सदरा मागून ओढला आणि फोन आपल्या कानाला लावला.

"दत्तू, विठा बोलत्ये. भिजलास व्हय?"

"डोक्यापासनं, मावशी."

"भिजू दे. वतायला लागलं की निम्मं भुईवर जातंयच. उलटा फिरव आन् गप घरला जा."

आणि ती इतकी हसली, की पायरीवरच्या अनोळखी बायाही हसायला लागल्या. पलीकडून दत्तोबांचंही हसू ऐकू येत होतं, पाण्यात मिसळलेलं.

तिनं फोन लेकाच्या खिशात टाकला. "बस आता," ती म्हणाली. "सुट्टी हाय तुला."

भिकाजी बसला. मग त्यानं वाकून तळ्याच्या पायरीवर हलकीच थाप मारली.