दुपारी दोनची ब्लाऊज बॅच

माझी बॅच सुरळीत चालत नाही, आणि ती सुरळीत चालवायचा माझा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते. मागच्या महिन्यात परभणीला एका कार्यक्रमात 'ऑनलाइन बॅच सुरळीत कशी चालवावी' यावर मला दहा मिनिटं बोलायला बोलावलं होतं. मी बोलायला लागले, तर संयोजक बाईंनी मधेच पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "थोडं सकारात्मक बोला ना." मी पाणी प्यायले आणि पुढेही तेच बोलले. तिथे दहा मिनिटांत मावलं नाही ते इथे लिहिते आहे.

मानवतला कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. लॉकडाउनमध्ये ते बंद पडलं तेव्हा दुकानात शिकायला येणाऱ्या पाच मुलींना मी फोनवरून ब्लाऊजची कटिंग शिकवायला लागले. एकीने बहिणीला सांगितलं, बहिणीने जावेला. दुकान पुन्हा उघडेपर्यंत पाचाच्या तीस झाल्या. पेडगाव, चारठाणा, कुठल्या कुठल्या वस्त्या. चारठाण्याची एक जण जुन्या देवळाच्या ओट्यावर बसून शिकायची, कारण घरात रेंज नाही आणि देवाच्या दारात मात्र भरपूर.

तीस बायका झाल्यावर मला वाटलं, आता आपण हे रीतसर शिकून घ्यावं. म्हणून पुण्याच्या एका सरांचं ऑनलाइन शिबिर केलं. सर गोड बोलायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे, जणू आम्ही टाळ्या वाजवणार आहोत. ते म्हणाले, गट सुरळीत चालवायचा तर तीन गोष्टी पाळा. वेळ झाली की वर्गाला कुलूप लावा, उशिरा येणाऱ्याला आत घेऊ नका. सगळ्यांचे चेहरे दिसलेच पाहिजेत. आणि जो गळतो त्याच्या मागे धावू नका, त्याने तुमची किंमत कमी होते. मी हे वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्याच सोमवारी दोन वाजून पाच मिनिटांनी मी वर्गाला कुलूप लावलं. आत नऊ जणी होत्या. बाहेर एकवीस. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर नुसते आवाजी निरोप. कुणाचा फोन नवऱ्याकडे, तो जेवायला येणार तेव्हा मिळणार. कुणाची म्हैस सुटली. कुणाची सासू दोनला झोपते, ती झोपल्याशिवाय कात्री काढता येत नाही. एकीने तर सरळ विचारलं, "मॅडम, हळदीकुंकवाला बोलवून दार लावून घेतंय का कुणी?"

मला ते एकदम पटलं. आपल्याकडे हळदीकुंकवाला पाचच्या ठोक्याला कोण येतं? जी येईल तेव्हा तिला कुंकू लागतं, वाण मिळतं, आणि आधी आलेली बसून राहते, तिचं काही बिघडत नाही. त्या दिवसापासून कुलूप गेलं. कुणी अडीचला आली तरी मी धडा पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. आधी आलेल्या दुसऱ्यांदा ऐकायच्या आणि त्यांचंच कटिंग जास्त चांगलं यायचं. मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं, "आपली बॅच म्हणजे हळदीकुंकू. दार उघडं."

चेहऱ्यांचा नियमही असाच मोडला. निम्म्या घरांतून सुनेचा चेहरा फोनवर दिसायला विरोध होता. मग मी म्हटलं, चेहरा गेला उडत. ब्लाऊज काय चेहऱ्याने कापतात? फोन डब्याला टेकवून ठेवा आणि कॅमेरा खाली हातांकडे करा. तेव्हापासून माझ्या पडद्यावर तीस चौकोन आणि प्रत्येकात दोन हात. जुना पेपर, खडू, टेप, कात्री. मेंदीचे, चुन्याचे, शेणाचे वास सोडले तर त्या हातांची सगळी माहिती मला व्हायला लागली. कोण घाबरून कापते, कोण न मोजता कापते, हे मी हातावरून ओळखायचे. मला वाटायचं, आपल्याला या बायका पूर्ण कळल्या.

पेडगावची एक जण पोळा झाल्यावर आली. पहिल्याच दिवशी तिचा निरोप आला. "मॅडम, मला दिवाळीच्या आत ब्लाऊज यायलाच पाहिजे. न्हाईतर कोयत्याला जावं लागतंय. पोरगी नववीला हाय, तिला फडात न्यायची न्हाई आन् एकटीबी सोडायची न्हाई. सासू म्हणली, गावातल्या चार बायांनी तुझ्याकडं ब्लाऊज टाकले तर तू ऱ्हा. न्हाईतर चल टोळीत." एवढंच. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघणार होती, आणि तिच्या पोरीची शाळा चार ब्लाऊजांवर अडकली होती. मी तिला सांगितलं, चार काय, चाळीस शिवशील.

खरंच तिच्या हातात कसब होतं. जावेचा फोन मागून घ्यायची म्हणून रोज उशिरा यायची, पण आली की हात थांबायचा नाही. मुंढ्याचा गोल, जिथे सगळ्यांची कात्री वाकडी जाते, तो ती एका दमात कापायची.

मुंढ्याच्याच दिवशी ते झालं. मुंढा म्हणजे बाही जिथे बसते तो गोल. त्या दिवशी बायकांच्या काचेच्या बांगड्यांचा एवढा किणकिणाट चालला होता की मला माझाच आवाज ऐकू येईना. शिवाय बांगडी कापडावर घासून कापड सरकायचं आणि गोल बिघडायचा. मी म्हटलं, "कापताना बांगड्या काढून ठेवा." कुणी ऐकेना. "काढायच्या न्हाईत मॅडम, अपशकुन असतोय." कुणी म्हणाली कात्रीच बोथट आहे. नाचता येईना अंगण वाकडं! माझं डोकं फिरलं. मी पेडगाववालीचा चौकोन मोठा केला, सगळ्यांच्या पडद्यावर तिचेच दोन हात, आणि म्हणाले, "हे हात बघा. एक तरी बांगडी आहे का? म्हणून गोल बघा कसा आलाय. शिकायचं असेल तर असे हात पाहिजेत."

सगळा किणकिणाट थांबला. मला वाटलं, पटलं बायकांना. मोठ्या केलेल्या चौकोनात ते दोन हात कात्री धरून तसेच राहिले. मग तो चौकोन नाहीसा झाला.

वर्ग संपल्यावर चारठाणेवालीचा फोन आला, तिचं माहेर पेडगावचं. "मॅडम, काय बोलून बसलात तुमी? मालक वारलेत तिचे. चार वर्षं झाली."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी दुकानात मशीनवर डोकं टेकवून बसले. महिनाभर मी ते मोकळे हात रोज पाहत होते आणि मला वाटत होतं, ही कामाची बाई आहे, बांगड्या काढून बसते. मला लाज वाटली. मग हळदीकुंकू आठवलं. 'दार उघडं' म्हणून मी मिरवत होते, आणि त्या दारातून तिला कुणीच कधी आत बोलावणार नव्हतं. तेही तिने रोज ऐकून घेतलं होतं. लाजेनंतर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माझ्यावर तर होताच, पण बांगड्या फोडणाऱ्यांवरही होता.

तीन दिवस तिचा चौकोन आला नाही. फोन केला तर जाऊ उचलायची, "ती कामात हाय." दिवाळी बारा दिवसांवर आली होती. मला सरांची वही आठवली. गळणाऱ्याच्या मागे धावू नका, किंमत कमी होते. म्हटलं, होऊ दे. माझी किंमत अशी कितीशी आहे? चौथ्या दिवशी दुकान बंद करून एसटीने निघाले आणि विचारत विचारत पेडगावात तिच्या दारात उभी राहिले.

ती नुकतीच सोयाबीनवरून आली होती, केसांत भुसा. चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, पण हात लगेच ओळखले. सासूने चहा टाकला. मी सरळ म्हटलं, "चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

ती म्हणाली, "तुमी कुटं चुकलात? ह्या हातांकडं बघून बाया एक तर हळहळतेत, न्हाईतर तोंड फिरवतेत. चार वर्षांत चांगलं म्हणणाऱ्या तुमी पहिल्या."

"मग यायची का थांबलीस?"

"माहीत न्हवतं म्हणून म्हणलात. आता माहीत झालंय." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता तुमीबी हळहळताल, आसं वाटलं. तसलं ऐकायला कशाला येऊ? तेच उद्या सगळ्यांदेखत पुन्हा म्हणताल का? म्हणताल तर येते."

मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी पिशवी उघडली. दिवाळीच्या साडीचा माझा ब्लाऊज अजून बेतायचा होता. कापड तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "हा तू शिव. पहिला."

सासू चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "तुमचा धरायचा न्हाई मॅडम. गावातल्या चार म्हणलं होतं मी. आन् सणाचं नवं कापड हिच्या हाती कोण देतंय, मलाबी बगायचंय."

"बघा मावशी," मी म्हटलं. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. गावात काय चालतं तेवढंच तिने सांगितलं, आणि म्हणूनच मला ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी वर्ग सुरू केला. ती नव्हती. सव्वादोनला तिचा चौकोन आला, डब्याला टेकवलेला, खाली दोन हात. मी चालू धडा सोडला आणि तिचा चौकोन मोठा केला. मी म्हणाले, "त्या दिवशी मी म्हणाले होते, हे हात बघा. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आज सगळं माहीत आहे, आणि आज पुन्हा म्हणते. हे हात बघा. या बॅचमध्ये यांच्यासारखा मुंढा कुणी कापत नाही, आणि मीही कापत नाही. आजपासून मुंढा या ताई शिकवणार. ज्यांना अपशकुन वाटतो त्यांनी खुशाल बाहेर जावं."

एक चौकोन गेला. आणखी एक गेला. जाऊ दे. अठ्ठावीस राहिल्या.

मग तिनेच आवाज सुरू केला. "बांगड्या काढू नका कुणी. वर सरकवा, कोपरापोतर, आन् रुमालानं गच्च बांधा. आवाजबी होत न्हाई आन् कापडालाबी लागत न्हाई." जरा थांबून ती म्हणाली, "माझ्या व्हत्या तव्हा मी आसंच करायचे."

मी पडद्याकडे पाहत राहिले. एकेका चौकोनात रुमाल, साडीची चिंधी, पोरीची रिबीन, जे हाताला लागेल ते बांधलं जात होतं. सगळे हात कोपरापर्यंत तिच्यासारखे मोकळे झाले. त्या दिवशी पहिल्यांदा मला कात्र्यांचा आवाज ऐकू आला.

बॅचमध्ये पेडगावच्या आणखी दोघी होत्या. त्या गावात कुणाला काय बोलल्या, मी विचारलं नाही. दिवाळीपर्यंत मी तिला ब्लाऊजांचं एकदाही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती, हे खरं. ती रोज यायची, मुंढा शिकवायची, आणि उत्तर 'नाही' असेल तर मी काय करणार होते, हे मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर एका सोमवारी ती दोनला आली नाही. सव्वादोन झाले, अडीच झाले. टोळ्या निघायचे दिवस होते. मी बाहीचा धडा सांगत होते आणि काय सांगतेय ते मलाच कळत नव्हतं. पावणेतीनला चौकोन उघडला. दोन मोकळे हात. खाली पेपर नव्हता, लाल खणाचं कोरं कापड होतं.

"उशीर झाला मॅडम," ती म्हणाली. "टोळीचा ट्रक दारातच उभा व्हता. सासूला बसवून दिलं."

"आणि तू?"

हातांनी लाल कापड सरळ केलं. "हा पाचवा हाय. तुमचा सोडून."

मी डोळे पुसले आणि बाहीचा धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.