नातीचा नववीचा प्रवेश आणि माझ्या न्हाणीघरातला बल्ब

लेकीचा फोन आला तेव्हा मी न्हाणीघराच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होतो. सुनंदा तुकईथडला दिलेली आहे, जावयांची केळी आणि कपाशी. ती म्हणाली, बाबा, आपल्या दिव्याला बुऱ्हाणपूरच्या शाळेत नववीला घालायचं आहे, तिला इलेक्ट्रिकल ट्रेड हवा आहे. नेमक्या प्रवेशाच्याच दिवशी केळीचा ट्रक येतोय, आम्हा दोघांनाही हलता येत नाही, पालक म्हणून तुम्ही जाल का? मी बाटलीचं बूच लावलं आणि पिशवी भरायला घेतली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडे मध्य प्रदेशात काही शाळांत नववीपासून नेहमीच्या अभ्यासाबरोबर एक हाताला काम देणारा विषय घेता येतो. वीजकाम, शिवणकाम, ब्युटी पार्लर असं काहीबाही. त्याला ट्रेड म्हणतात. जागा मोजक्याच, त्यामुळे शाळा उघडली की लवकर गाठायची.

भुसावळहून बुऱ्हाणपूर गाडीनं तासाभराचा रस्ता. सकाळची गाडी धरा, जागा मिळते. पुढे खकनारमार्गे तुकईथडची बस. ती मात्र सवडीनं निघते आणि सवडीनंच पोचते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्येच साग, आणि कंडक्टर प्रत्येक गावात कुणाची तरी विचारपूस करणार. मला काही घाई नव्हती. या पट्ट्यातल्या एका कागद कारखान्यात माझी सगळी नोकरी गेली आहे, त्यामुळे बसमध्ये कुणी मराठीत सुरू करून हिंदीत संपवलं की मला घरी आल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी सुनंदानं वरण-बट्टी केली होती. दिव्यानं कागदांची फाइल आणून माझ्यापुढे उघडली. टीसी, आठवीची गुणपत्रिका, आधार, समग्र आयडी, चार फोटो. समग्र आयडी म्हणजे तिकडे घरातल्या प्रत्येकाला मिळणारा सरकारी नंबर. तो नसेल तर शाळेच्या दारातून परत यावं लागतं, हे लक्षात ठेवा. पोरगी माझ्यापेक्षा तयारीची निघाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही आजोबा-नात बुऱ्हाणपूरला उतरलो आणि ऑटोनं शनवाऱ्याला गेलो. दिव्याची आत्या तिथे राहते, शाळा सुरू झाल्यावर पोरगी तिच्याकडेच राहणार. शनवाऱ्याच्या दरवाजातून आत शिरलं की मागच्या गल्ल्यांत पॉवरलूमची खडखड सुरू होते. पहिल्या दिवशी डोकं उठतं, तिसऱ्या दिवशी ती थांबली तर चुकल्यासारखं होतं, असं आत्याचं म्हणणं.

आत्यानं पोहे पुढे ठेवले आणि मुद्द्यावर आली. म्हणाली, "काका, तुम्हीच समजवा हिले. ब्युटीवाला ट्रेड घे म्हणा. उद्या घरच्या लग्नात तरी कामात येईन."

"आत्या, लग्नात लायटिंगबी लागते ना," दिव्या पोहे खाता खाता म्हणाली.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवर लिंबू पिळण्यात गुंग झालो.

शाळेत गेलो तर कळलं की इलेक्ट्रिकलच्या दोनच जागा उरल्यात आणि पोरं आलीत पाच. त्यात मुलगी एकटी आमची. ट्रेडचे सर तरुण होते, शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला. त्यांनी पाचही जणांना आम्हा पालकांसमोरच उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला, हा ट्रेड कशाला पाहिजे? एक म्हणाला, भाऊ बोला इसलिए. दुसरा म्हणाला, दुकान टाकायचं. तिसरा छताच्या पंख्याकडेच बघत राहिला. चौथ्याच्या वडिलांचे लूम होते, मोटर बिघडली की तो स्वतः उघडून बसायचा. एक जागा त्याची, हे मला तिथेच समजलं.

मग दिव्या.

"सर, आजोबांच्या घरी न्हाणीघरात बल्ब आहे. बटण बंद करून बल्ब काढला तरीबी झटका बसला त्यांना. मी स्टूल धरून उभी होती. आजोबा म्हणाले, ओल आली असेन. पण भिंत तर सुकी होती. मले ते पाहायचं आहे, का बसला."

सरांनी विचारलं, "वायरिंग कोणी केली होती?"

सगळ्या पालकांत मी एकटाच जमिनीकडे बघत होतो, त्यामुळे सरांना उत्तर मिळालं.

खरं आहे, त्या घराची सगळी वायरिंग मी स्वतः केलेली. मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून केली. शाळाही माझी चौथीपर्यंतच. पुढचं सगळं शिक्षण कारखान्याच्या रद्दीच्या आवारात झालं. लगद्यासाठी गठ्ठेच्या गठ्ठे यायचे, त्यात जुनी पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, कुणाकुणाच्या वह्या. जेवणाच्या सुट्टीत मी गठ्ठ्यावर बसून वाचायचो. आज हे चार शब्द लिहितो ते त्या रद्दीच्या जोरावर.

सर हसले नाहीत. म्हणाले, यादी चार वाजता लागेल.

मधले तीन तास कसे काढायचे? आम्ही राजघाटावर जाऊन तापीकडे बघत बसलो. वाटेत मावा जिलेबी घेतली होती. काळपट, जाड, गरम. पावशेर दोघांना पुरते, हे आम्ही अर्धा किलो घेतल्यावर कळलं. दिव्यानं एकच तुकडा खाल्ला. मी म्हटलं, अगं, खा की. तर म्हणते, "आजोबा, राग तर नाही ना आला? तुमचीच गोष्ट सांगून दिली मी."

मी म्हटलं, झटका मला बसला, तोंड तू कशाला पाडतेस. मग तिनं दुसरा तुकडा घेतला.

चार वाजता फळ्यावर दोन नावं होती. लूमवाला मुलगा आणि आमची दिव्या. मी लहान मुलासारखा दोनदा वाचून आलो.

पण आत फॉर्म भरायला बसलो आणि माझा पेन अडला. या शाळेत ट्रेड घ्यायचा तर तिसरी भाषा सोडावी लागते. दिव्याची तिसरी भाषा मराठी. फॉर्मवर विषयांची यादी छापलेली होती. त्यातल्या मराठीवर पालकानं काट मारायची आणि बाजूला सही करायची. बाबू मला बोटानं जागा दाखवत होते.

मी तो शब्द बघत राहिलो. रद्दीच्या गठ्ठ्यांतून एकेक पान निवडून जी मिळवली, ती नातीच्या कागदावरून मी माझ्या हातानं खोडायची? मागे लोक खोळंबले होते. दारात पाचांतलाच एक मुलगा अजून आशेनं उभा होता.

दिव्याला ते कळलं. अगदी हळू म्हणाली, "आजोबा, नसेन करायचं तर राहू द्या. मी मराठीच घेते. खरंच."

आणि ती खरंच म्हणत होती. तेच मला सोसलं नाही. मी काट मारली, सरळ, एका रेघेत, आणि सही केली. बाबूंनी शिक्का मारला. बाहेर आल्यावर पोरीनं माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि शनवाऱ्यापर्यंत दिली नाही.

आत्यानं बातमी ऐकली, जिलेबीचा पुडा उघडला आणि म्हणाली, मग आधी माझ्या देवघरातली लाइट पाय. संध्याकाळच्या गाडीनं मी भुसावळला परतलो. गाडीत खिडकी मिळाली होती, पण बाहेर काय दिसलं ते विचारू नका. माझ्या डोळ्यांपुढे ती रेघच होती.

याला आता दोन महिने होऊन गेले. परवा जावई कामानं भुसावळला आले, जाताना घडी घातलेला एक कागद देऊन गेले. कागद हातात आला की आधी बोटांनी चोळून बघायची माझी सवय आहे. प्रॅक्टिकलच्या वहीचं पान होतं. एका बाजूला पेन्सिलीनं माझं न्हाणीघर काढलेलं. बल्ब, बटण, एक लाल वायर, एक काळी. दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिलेलं, मध्ये मध्ये हिंदी घुसलेलं, पण अक्षर ठसठशीत:

"आजोबा, मले समजून गेलं. तुम्ही बटण न्यूट्रलवर लावलं आहे, फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर, पाहिजे होतं. म्हणून बटण बंद केलं की बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये करंट राहतो. तुमची गलती नाही, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. दिवाळीत मी येऊन बदलून देईन. तोपर्यंत बल्बला हात लावायचा नाही."

एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं नीट समजावून सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते माझ्या भाषेत.

बल्ब नेमका काल गेला. शेजारी वीजकाम करणारा माणूस राहतो, त्यानं आपणहून विचारलं, दोन मिनिटांचं काम आहे, येऊ का? मी म्हटलं, नको. सध्या उजेड असेपर्यंत अंघोळ उरकतो. आमचा इलेक्ट्रिशियन दिवाळीला बुऱ्हाणपूरहून यायचा आहे.