गॅलरीतला राब

गावाची शेती प्रकल्पात गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी बाबांनी माझ्या पनवेलच्या फ्लॅटमध्ये टोमॅटोची रोपं करायला घेतली. गव्हाणकडच्या आमच्या घरामागे भाजीचा एक तुकडा तेवढा उरला होता. तोही दिवाळीनंतर रिकामा करून द्यायचा होता. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, बाबांनाही होतं. पण ते ऐकतील तर ना!

"उभं पीक कोन मोडत नाय," ते म्हणायचे. "रोपं एकदा जमिनीत लागली का शिमग्यापर्यंत कोनी हात लावनार नाय."

मला चीड यायची. ज्यांनी भाताची शेतं बुजवली, ते टोमॅटोला घाबरणार होते होय? पण आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहत होते, आणि दिवसभर टीव्हीसमोर मुकाट बसणाऱ्या बापापेक्षा हट्टी बाप परवडला, म्हणून मी गप्प बसले.

परतीच्या पावसात कोवळं रोप बाहेर टिकत नाही, म्हणून हा सगळा कारभार घरात. श्रीखंडाचे रिकामे डबे, चहाचे कागदी कप, जे हाती लागेल ते बेडरूमच्या खिडकीत. पहिली रोपं उजेडाकडे माना काढत दोऱ्यासारखी बारीक वाढली आणि एका सकाळी बुडाशी काळी पडून आडवी झाली. मी म्हटलं, ऊन कमी पडलं, पाणी जास्त झालं. बाबांचं निदान वेगळंच. माती भाजलीच नव्हती!

आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर शेणी आणि पालापाचोळा पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. मी ऑफिसला गेले आणि बाबांनी गॅलरीत घमेलंभर मातीवर राब पेटवला. धूर वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्यांत शिरला. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. "मॅडम, बिल्डिंगला आग लावायचीय का?" मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. बाबा आत त्या मातीत बोटं घालून बसले होते, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना इतकं खूश पाहिलं.

त्या मातीत रोपं धरली, हे मात्र खरं. मग बाबा रोज सकाळी ती गच्चीवर न्यायला लागले. आधी थोडं ऊन, मग जरा जास्त. पानांवरून तळहात फिरवायचे, वाऱ्याची सवय व्हावी म्हणून. दिवाळीच्या तोंडावर रोपं अशी झाली की दृष्ट लागावी. बुटकी, जाड बुंध्याची, गर्द हिरवी. आणि एवढी चिडणारी मी, मलाही वाटायला लागलं की कोण जाणे, नाही मोडणार कोणी.

दिवाळीआधीच्या रविवारी रोपं घेऊन आम्ही रिक्षानं गावी गेलो. घरामागे कंबरेएवढा मुरूम भरून वर रोलर फिरवला होता. वांग्याची जुनी झाडं, कुंपण, सगळं त्याच्याखाली. मुदत संपायचीही वाट कोणी पाहिली नव्हती. शेजारचे काका ओट्यावरून उठून आले. "डंपर आले, टाकून गेले," ते म्हणाले. "आमी कोनाला इचारनार?"

बाबा वर चढले. उकिडवे बसले आणि मुरमात अंगठा दाबून पाहिला. आत गेला नाही. दुसऱ्या जागी दाबला. तिथेही नाही. मला ते पाहवेना. मी रिक्षात जाऊन बसले. रोपं अजून उतरवलीच नव्हती.

रोपं तशीच परत आणली आणि पुन्हा खिडकीत ठेवली. घरी आल्यावर मी सवयीनं तांब्या भरून खिडकीपाशी गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडले होते. मला वाटलं, डोळा लागलाय.

"पानी घालू नको त्यांना," ते म्हणाले. "उगाच वाढतील."