विरघळायच्या तारेची साफसफाई

सर्व संबंधितांस, आणि कसलाही संबंध नसताना मध्ये पडणाऱ्यांस विशेषत्वाने, कळविण्यात येते की माणसाच्या पोटात हळूहळू नाहीशी व्हावी म्हणून बनवलेली जस्ताची तार पुणे शहरानजीक चिंचेने घासण्यात आली. घासणाऱ्यांचे हात स्वच्छ होते. हेतू स्वच्छ होता. तारही, दुर्दैवाने, स्वच्छ झाली.

ही हकिगत मी आजवर लग्नाच्या पंगतींत सांगितली आहे, मुंजींत सांगितली आहे, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे रांगेत बसून सांगितली. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण शेवटाकडे येऊ लागलो की माझे कान तापायला लागतात आणि बायको म्हणते, "पाणी प्या आणि मग पुढचं सांगा."

वाघोलीच्या पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी धातुशास्त्र विभागाचं वर्कशॉप सांभाळत होतो. बिबवेवाडीहून निघायचं, स्वारगेटला बस बदलायची आणि नगर रस्त्याला लागायचं. वाटेत सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पडदेवाल्या गार बसगाड्या आमच्या पुढे निघून जायच्या. आमचे विद्यार्थीही तसेच निघून गेले होते. धातू शिकायला कोणी येईना, सगळ्यांना कॉम्प्युटर हवा. शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली. पलीकडे कॉम्प्युटर, एसी आणि वीज गेली तर म्हणून बॅटऱ्यांचं कपाट. अलीकडे आम्ही, भट्टी आणि पाली.

अलीकडच्या बाजूला एक मुलगी पीएचडी करत होती. वर्ध्याकडची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला दादा. जस्तात चिमूटभर मॅग्नेशियम मिसळून ती धातू ओतायची आणि त्याची केसासारखी तार मी ओढून द्यायचो. ती तार किती वेळा तुटली ते विचारू नका. जमली तेव्हा मी घरी पेढे नेले होते.

"हिचं करायचं काय?" मी सुरुवातीलाच विचारलं होतं.

"दादा, आतड्याचा खराब भाग कापून टाकतेत आणि दोन टोकं जोडतेत. जोडायला धातूच्या बारीक पिना मारतेत. वहिनी ब्लाउज शिवताना आधी कच्चा टाका घालत असतीन न? पक्की शिवण झाली का तो ओढून टाकतेत. आता पोटातला टाका कोण ओढणार? जखम भरली, तरी त्या पिना जन्मभर आतच. म्हणून आपली पिन आपली आपणच गेली पाहिजे. पण जखम भरायच्या आधी गेली, तर आतडं उसवलं."

म्हणजे सगळा प्रश्न वेळेचा होता. किती दिवसांत तार किती झिजते, एवढंच तिला शोधायचं होतं, आणि त्यासाठी दिवस मोजत बसण्यावाचून इलाज नव्हता. तिने तारेच्या पिना करून आतड्यातल्या रसासारख्या खारट पाण्यात ठेवल्या. प्रत्येक पिनेला वेगळी बाटली, बाटलीला नंबर, आणि सगळ्या बाटल्या एका कोमट हौदात, अंगाच्या उष्णतेइतक्या. ज्या बाटलीचा दिवस येईल ती उघडायची, पिनेवर आलेली पांढरी साय सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, मग वजन करायचं. ती साय म्हणजेच तिचा प्रबंध. आपल्याला ती घाण वाटेल. प्राचार्यांना वाटली, त्याकडे येतोच.

त्या काळात रोज वीज जायची. भिंतीपलीकडच्या कॉम्प्युटरांना बॅटरी होती, आमच्या हौदाला नव्हती. एक वायर इकडे सोडा म्हणून आम्ही दोन अर्ज केले. उत्तर आलं नाही. मग वीज गेली की मी स्टोव्हवर पाणी तापवून हौदात ओतायचो आणि ती थर्मामीटर हातात धरून "बस, दादा, बस" म्हणायची. सहा महिने आम्ही त्या बाटल्यांना ताप येऊ दिला नाही की थंडी वाजू दिली नाही. शेवटच्या अठरा बाटल्या उरल्या होत्या, सर्वांत जास्त दिवस मुरलेल्या, सर्वांत महत्त्वाच्या. मार्चअखेर तिची शिष्यवृत्ती संपत होती. पुन्हा सहा महिने तिला कोणी देणार नव्हतं.

तेवढ्यात तिच्या बहिणीचं लग्न आलं. तीन दिवस ती गावी गेली. जाताना प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "दादा, कोणालेच हात लावू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी प्राचार्य आले. एका सॉफ्टवेअर कंपनीचे मोठे साहेब कॉलेज बघायला येणार होते; त्यांना आवडलं तर ते नवी इमारत बांधून देणार होते. प्राचार्यांनी हौदात डोकावून बघितलं आणि नाक मुरडलं.

"हे काय लोणचं घातलंय?"

"सर, पीएचडीचे नमुने आहेत."

"नमुने असे असतात? बुरशी आलीये त्यांना. किल्ली द्या."

"सर, मॅडम परवा येतायत. त्यांना विचारून..."

"कॉलेज मॅडमचं आहे का? तसं असेल तर मी घरी जातो."

मी किल्ली दिली. इथे मी पंगतीत एक विनोद करतो आणि पुढे सरकतो. आज करत नाही. मी किल्ली दिली, कारण मला नोकरी होती, घरी दोन मुलं होती आणि समोर प्राचार्य होते. तिन्हींपैकी कशाचाही धाक न वाटून घेता "नाही" म्हणता आलं असतं. दोन अक्षरं होती.

प्राचार्य वाईट गृहस्थ नव्हते, हाच तर संताप आहे. वाईट असते तर नमुने फेकून दिले असते आणि आपण त्यांना शिव्या घालून मोकळे झालो असतो. त्यांनी बाह्या सरसावल्या. घरून चिंच मागवली, देवाची भांडी त्यांच्याकडे चिंचेनेच निघत. दोन शिपायांना घेऊन स्वतः शेजारी उभे राहिले. अठरा बाटल्या उपड्या केल्या, पिना एका ताटलीत गोळा केल्या, चिंचेने चोळल्या, धुतल्या, रुमालाने पुसल्या. बाटल्याही लख्ख विसळून ठेवल्या. नंबरांच्या चिठ्ठ्या ओल्या झाल्या म्हणून काढून टाकल्या. मग लाल मखमलीच्या तुकड्यावर त्या पिना उगवत्या सूर्याच्या आकारात मांडल्या. मी वर्कशॉपच्या दारातून बघत होतो. मी बघत होतो, हेही लिहून ठेवतो.

साहेब यायच्या दिवशी सकाळी ती आली. हाताची मेंदी ओली वाटावी इतकी ताजी होती. मखमलीकडे तिने बराच वेळ बघितलं. मग बाटल्यांकडे. मग माझ्याकडे. मला वाटलं, रडेल, ओरडेल, मला दोन शब्द सुनावेल. तिने फक्त विचारलं, "यातली कोणती कोणत्या बाटलीतली?"



प्राचार्य आत आले ते हसतच. "काय, ओळखू येतंय का तुमचं काम? केवढी कळा आली बघा."

"सर, वरचा थर गेला. तोच तर मोजायचा होता. आणि नंबर मिसळले. मला आकडेच मिळणार नाहीत."

"आकड्यांचं काय घेऊन बसलात? सुरुवातीचे आहेत ना तुमच्याकडे? मधलेही आहेत. मग आलेखाच्या त्याच उताराने शेवटचे टाका. तुमच्यासारख्या हुशार मुलीला अंदाज येत नाही?"

"तो अंदाज धरून उद्या कोणी माणसाच्या पोटात पिना मारतीन, सर."

"उद्याचं उद्या. साहेब गेटवर आलेत. हसऱ्या चेहऱ्याने उभ्या राहा."

साहेब साधे होते, शर्टाच्या बाह्या दुमडलेले, जेमतेम माझ्या वयाचे. भिंतीपलीकडचे कॉम्प्युटर त्यांनी दोन मिनिटांत संपवले, ते त्यांना रोजचेच होते. मखमलीपाशी मात्र थांबले. एक पिन उचलून उजेडात धरली.

"ही पोटात विरघळणार? किती दिवसांत?"

"सहा महिने आतड्यासारख्या पाण्यात ठेवली आहे," प्राचार्य म्हणाले, "आणि बघा, एक डाग नाही."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "पण मग ती विरघळली कुठे?"

प्राचार्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. मला त्या क्षणी मनापासून टाळी वाजवावीशी वाटली; हात खिशात घट्ट धरून ठेवले. पण ते सावरले. "ते सगळं आकड्यांत आहे. संपूर्ण तक्ता तयार आहे. मॅडम, साहेबांना आकडे सांगा."

ती पुढे झाली. तिची शिष्यवृत्ती, तिचा प्रबंध आणि त्यावर लागायची प्राचार्यांची सही, सगळं त्या मखमलीच्या पलीकडे सुटाबुटात उभं होतं आणि तिच्याकडे बघून मान हलवत होतं. ती साहेबांकडे वळली आणि म्हणाली, "कोणते आकडे जी? सहा महिन्यांचं काम यांनी चिंचेनं घासून टाकलं, अन् आता मले म्हणतेत, का मनानं लिहून दे."