चावी देताना

विल्फ ट्रँटरने उभी हयात एकाच प्रकारचं इंजिन जुळवण्यात घालवली. लिचफिल्ड गावाबाहेर पत्र्याच्या शेडमधल्या कारखान्यात जेमतेम तेरा माणसं रोटरी इंजिनाच्या मोटरसायकली बनवायची. त्या इंजिनात पिस्टन नसतो, एक तिकोनी तुकडा गरगर फिरतो. मोठ्या कंपन्यांनी हा नाद केव्हाच सोडला होता, पण हे तेरा जण हट्टाला पेटलेले.

गिऱ्हाइकाने गाडी न्यायला स्वतः यायचं आणि ज्याने इंजिन जुळवलं त्यानेच चावी द्यायची, अशी तिथली रीत. विल्फ दरवेळी बजावायचा, "रेस सोडली म्हणून ही थांबायची नाही. पिस्टनची गाडी रेस सोडली की आपोआप मंदावते, ती सवय विसरा. वळणाआधी ब्रेक, नाहीतर सरळ भिंतीत." मग गिऱ्हाइकाकडून ते दोनदा म्हणवून घ्यायचा. लोक हसायचे. हसेनात का, जिवंत तर राहायचे.

१९९२च्या मार्चमध्ये कारखान्याला टाळं लागलं. शेवटच्या दुपारी धाकटा भाऊ डेस त्याच्यापाशी आला. डेस तिथेच चौदा वर्षं गाड्यांचे सांगाडे जोडत होता. स्वतः मात्र बापाची जुनी पिस्टनची गाडी चालवायचा.

"एक फेरी मारू दे की. इतक्या जोडल्या, बसलो एकीवरही नाही."

"मग बस आज, गाढवा," म्हणत विल्फने चावी फेकली. घरच्या माणसाला काय बजावायचं? डेसला अपमानच वाटला असता.

कालव्याच्या पुलाजवळच्या वळणावर डेस जागच्या जागी गेला.

मृत्यूच्या चौकशीच्या आदल्या दिवशी कारखान्याचा फोरमन गॉर्डन विल्फच्या घरी आला. "सांगितलं होतं म्हण. बघायला कोण होतं तिथे?"

"म्हणजे सांगूनही मेला, असा मूर्ख ठरवू त्याला? बेरिलसमोर?" बेरिल म्हणजे डेसची बायको.

चौकशी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "गाडीत बिघाड होता?"

"नाही."

"स्वाराला धोक्याची कल्पना दिली होती?"

"नाही साहेब. शेकडो परक्यांना दिली. त्याला नाही."

बाहेर पायऱ्यांवर बेरिलने त्याला गाठलं. "गाडी बिघडली होती एवढंच म्हणायचं होतंस. यंत्राला दोष देऊन जगले असते मी."

"नव्हती बिघडली, बेरिल."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि चालू लागली.

दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. तरी पुढची सोळा वर्षं, विल्फ मरेपर्यंत, ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. तिचं चुकलं असं माझ्याच्याने म्हणवत नाही. विल्फनेही ते कधी म्हटलं नाही.